प्रवास दोघांच्या नावावर

केज,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. सौ. प्रज्ञा हिस,


तुझ्या आईचा काल फोन होता. तुमची मॉरिशसची तिकिटं निघाली म्हणाली. "ताई, तू अन् दाजी जाऊन आलेत, पोरीला चार गोष्टी सांग," अशी आज्ञाही झाली. फोनवर सांगितलं तर तू "हो मावशी, हो मावशी" करशील आणि ठेवून देशील. म्हणून लिहूनच पाठवते. शिक्षिकेची सवय आहे, लिहून दिल्याशिवाय सांगितल्यासारखं वाटत नाही.

तुझी आई आणखी एक बोलली. "सगळं अमोलरावच बघायलेत, पोरीला कशातच लक्ष घालावं लागत नाही." तिनं कौतुकानं सांगितलं, मला ते टोचलं. या पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण सहलीच्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात राहू देऊ नका. तिकिटं कुठल्या ईमेलवर आलीत, हॉटेलचं नाव काय, विम्याचा कागद कुठं आहे, परतीचं विमान कधी, कार्डाचा पिन काय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तुला सांगता आलं पाहिजे. अमोलरावांना तर येईलच.

आमच्या हॉटेलात विदर्भातलं एक जोडपं होतं. त्या गृहस्थांना एका रात्री उलट्या सुरू झाल्या, उठता येईना. बाई खाली काउंटरवर नवऱ्याचा फोन हातात घेऊन उभ्या, आणि फोन उघडेना. विमा त्या फोनात, पैसे त्या फोनात, ज्यानं सहल ठरवून दिली त्याचा नंबरही त्याच फोनात. बाई बँकेत अधिकारी होत्या, बरं का. दिवसभर दुसऱ्यांचे लाखो रुपये सांभाळणारी बाई, आणि स्वतःच्या सहलीतलं काही ठाऊक नाही. तुझे काका मध्ये पडले, डॉक्टर आला, सकाळपर्यंत सगळं ठीक झालं. तरी त्या बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा सगळे कागद दोघांच्या फोनात ठेवा, कागदावर छापून दोघांच्या पिशव्यांत ठेवा, आणि एक संच माझ्याकडं केजला देऊन जा. कार्डं दोन घ्या, एक तुझ्या नावावर. बॅगा भरताना त्याची एक, तुझी एक असं करू नका. दोन्हीत दोघांचे निम्मे निम्मे कपडे घाला, म्हणजे एक बॅग मागं राहिली तरी कुणी उघडं पडत नाही.

आता नावाचं. तुझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे ना? मग तिकीट त्याच नावानं, त्याच अक्षरांत हवं. लग्नपत्रिकेवरचं नवं नाव विमानतळावर कुणी ओळखत नाही. आजच तिकीट काढून पासपोर्टशेजारी ठेव आणि एकेक अक्षर ताडून बघ. फरक असला तर आत्ता दुरुस्त होतो, काउंटरवर होत नाही.

आपल्या लोकांना मॉरिशसला फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मारतात. पण परतीचं तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात, आणि निघण्याआधी त्यांचा डिजिटल फॉर्म भरावा लागतो. तो फॉर्म तू भर. मुद्दामच सांगते.

पैशांत एक गंमतीची अडचण आहे. तिथलं चलनही रुपयाच. दुकानात पाटीवर 'रु. ५००' दिसतं आणि आपलं मन म्हणतं, स्वस्त आहे की! तिथला एक रुपया आपल्या जवळपास दोन रुपयांना पडतो. काका पहिले काही दिवस फार उदार झाले होते, मग हिशोब मांडल्यावर एकदम गप्प. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं आपलं यूपीआय चालू झालंय, पण सगळीकडं नाही, आणि इथूनच अ‍ॅपमध्ये परदेशातले व्यवहार सुरू करून जावं लागतं. रस्त्यावरच्या गाडीवाल्याला रोखच लागते. कार्ड फिरवताना मशीन विचारतं, भारतीय रुपयांत कापू का तिथल्या? नेहमी तिथल्या म्हण. आपल्या रुपयांत घेतलं की दर त्यांच्या मनाचा लागतो. बँकेचा ओटीपी आपल्या सिमवर येतो, म्हणून तिथलं सिम घेतलंत तरी एका फोनात आपलं सिम रोमिंग करून चालू ठेवा. सहलीच्या पैशांवर टीसीएस कापला असेल, त्याची पावती जपून ठेव. विवरणपत्र भरताना तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. कितीतरी लोक ते मागतच नाहीत.

आणि कर्ज काढून जात असाल तर आत्ताच सांगते, रद्द करा. तुझ्या फोनवरही येत असतील ते मेसेज, आज फिरा, हप्ते नंतर भरा. आपल्या तालुक्याला ऊसतोडीची उचल म्हणजे काय हे दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको. फिरण्यासाठी उचल घ्यायची नाही.

औषधं पाकिटातून काढून डबीत भरू नका. मूळ पट्टीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट न्या. झोपेच्या आणि कडक वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीत तिथले कायदे फार कठोर आहेत, विचारल्याशिवाय एकही घेऊ नका. सिगारेट वळायचा कागद न्यायलाही तिथं बंदी आहे, ई-सिगारेटलाही. अमोलराव ओढत नाहीत हे मला ठाऊक आहे, त्यांच्या मित्रांनी सामानात काही घालून दिलं तर बघा, एवढंच. तुझ्या सासूबाई योगेश्वरीचा नारळ ओटीत घालतील, तो नमस्कार करून घरीच ठेवा. नारळ, फळं, फुलं, बी-बियाणं तिथल्या वनस्पती तपासणीत अडकतं. देवी रागावत नाही, तो अधिकारी रागावतो.

अंबाजोगाईहून ट्रॅव्हल्सनं रात्री निघून सकाळी मुंबई आणि दुपारी विमान, असला हिशोब करू नका. पावसाळ्यात घाटात झाड पडलं की तुमची सहल तिथंच संपली. एक दिवस आधी जाऊन नातेवाइकांकडं राहा. विमान सहाएक तासांचं. तिथलं घड्याळ आपल्यामागं दीड तास, त्यामुळं अंगाला काही जाणवत नाही.

तुम्ही जाताय जुलैत, म्हणजे तिथला हिवाळा. किनाऱ्यावर हवा छान असते, पण मधल्या उंच भागात, क्युरपिपकडं, गारठा आणि भुरभुर पाऊस. एकेक स्वेटर घ्या. सहाच्या आत सूर्य बुडतो, गावातली दुकानंही लवकर मिटतात, रविवारी दुपारनंतर तर शुकशुकाट. म्हणून जे बघायचं ते सकाळी. गंगा तलावाला जाल तेव्हाही गारठा लक्षात ठेवा. तिथं ३३ मीटर उंचीचा महादेव उभा आहे, आणि माकडं हातातला प्रसाद ओढून नेतात.

समुद्राबद्दल नीट ऐक. आपण विहिरीत आणि मांजरा धरणाच्या काठाला पोहणारी माणसं, समुद्र आपल्याला कळत नाही. बेटाभोवती बराचसा प्रवाळाचा कठडा आहे, त्याच्या आतलं पाणी शांत असतं. तेवढ्यातच राहा. दक्षिणेला ग्री-ग्रीला तो कठडा नाही, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथं फक्त बघायचं. पाण्यात उतरताना रबरी बूट घालायचेच. दगडासारखा दिसणारा एक विषारी मासा तळाशी पडून असतो, त्याच्या काट्यावर पाय पडला की थेट दवाखाना. जीवरक्षक जॅकेट तुम्ही दोघंही मागून घ्या. पुरुषांना ते मागायला लाज वाटते, असं मी तिथं पाहिलं.

खाण्याची चिंता तुझी आई करतेय, तिला सांग काळजी नको. तिथं रस्त्यावर 'ढोल पुरी' मिळते. मैद्याच्या पातळ पोळीत शिजवून वाटलेली डाळ भरलेली, वरून घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा आणि हिरवी मिरची. पुरणपोळीतला गूळ काढून तिला तिखट संसार दिला तर जे होईल ते. एक मागितलीस तरी दोन देतात, ती जोडीनंच विकायची रीत आहे. डाळवड्याची धाकटी बहीण म्हणावी अशी 'गातो पिमाँ'ही खा. हॉटेलच्या जेवणाचे पैसे आधी भरून ठेवू नका, फक्त नाश्ता घ्या. बाहेर निम्म्या पैशांत याहून चांगलं मिळतं.

आता एका जागेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सहल ठरवून देणारे तिथं नेत नाहीत किंवा दहा मिनिटांत बाहेर काढतात.

पोर्ट लुईला बंदराजवळ 'आप्रवासी घाट' आहे. दगडाच्या सोळा पायऱ्या, काही पडक्या भिंती, शेजारी एक छोटं संग्रहालय. २००६ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. गुलामगिरी बंद झाल्यावर इंग्रजांना उसाच्या मळ्यांत राबायला माणसं हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिले छत्तीस मजूर तिथं उतरले, आणि १९२० पर्यंत साडेचार लाखांवर माणसं भारतातून आणली गेली. बिहारकडची सर्वाधिक, दक्षिणेतली बरीच, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही, बहुतेक कोकणातली. बीड तेव्हा निजामाकडं. करार असायचा. आधीच ठरलेली मजुरी, मालकाची परवानगी असल्याशिवाय मळा सोडायचा नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. तिथं त्याला 'डबल कट' म्हणत.

मी ती पाटी वाचली आणि काकांकडं पाहिलं. तेही तेच वाचत होते. "हा तर आपल्या ऊसतोडीतला खाडा," ते म्हणाले.

तुला सांगायला नको. दिवाळी झाली की पोरं आईबापांमागं ऊसतोडीला जायची, माझ्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी व्हायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, दोघांची हजेरी एकच, आणि मुकादमाकडून उचल घेताना अंगठा बहुतेक वेळा नवऱ्याचा. ऊस तोडायची ती, मोळी बांधून डोक्यावर वाहायची ती, चूल पेटवायची ती, आणि किती उचललं, किती फिटलं हे तिला विचारावं तर म्हणायची, "मालकालाच ठावं." आजारी पडली तर खाडा. त्या खाड्याच्या धाकानं आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी गर्भाशयं काढून घेतल्याचं २०१९ मध्ये देशभर गाजलं, तेव्हा तू कॉलेजात होतीस. आपल्या तालुक्यात जोडीनं प्रवास सगळ्यात जास्त कोण करत असेल तर ही माणसं, सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंत. आणि त्या प्रवासाचा हिशोब जोडीतल्या एकालाच ठाऊक.

तुमची सहल आणि तो कोयता एक नव्हे, एवढं मला कळतं. तुम्ही मौज करायला चाललात, स्वतःच्या पगारावर. पण "सगळं तेच बघतात" हे वाक्य मी शेतातल्या पालावरही ऐकलंय आणि चार चांदण्यांच्या हॉटेलातही, म्हणून मला ते कौतुकाचं वाटत नाही.

आप्रवासी घाट बघायला सकाळीच जा. रविवारी बंद असतो. तिथून बेटाच्या आत जाताना उसाच्या फडात काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील, मनोऱ्यासारखे रचलेले. आपल्यासारखाच ज्वालामुखीचा दगड. जमीन उसाला मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचून काढलेला. गाडी थांबवून बघा. जुलैत तोडणीचा हंगाम असतो. बरंचसं काम आता यंत्रानं होतं, कारखानेही मोजकेच उरलेत, पण वास तोच. काका फडाच्या कडेला उभं राहून उसाची जात कुठली यावर ड्रायव्हरशी बोलत बसले. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला फ्रेंच, पण उसावर अर्धा तास निघाला. पाँपलमूसच्या बागेजवळ जुन्या कारखान्यातच साखरेचं संग्रहालय केलंय. बागेतली कमळाची परातीएवढी पानं सगळेच बघतात, तुम्ही कारखानाही बघा.

मराठी माणसंही भेटतील. घरात ती क्रिओल बोलतात, मराठी पूजेत आणि आरतीत राहिलीय. काही शाळांत ती शिकवतात, आणि मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्येही. त्या मजुरांच्या नोंदी आणि छायाचित्रं त्याच संस्थेनं सांभाळली आहेत. गणेश चतुर्थीला तिथं देशभर सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी अजून नाचतात. मोकाच्याच महाराष्ट्र भवनात २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. भेटलात तर त्यांच्या मराठीला हसू नका. "अजून बोलता येतं तुम्हाला!" असं आश्चर्यही दाखवू नका. त्यांना ते रोज ऐकावं लागत असेल. क्रिओलमधलं 'बोंझूर' आणि 'मेर्सी' एवढं शिकून जा, दुकानात शिरताना आधी नमस्कार आणि मग किंमत. तसं केलं की माणसं लगेच मोकळी होतात.

आता तुमच्या दोघांचं. आपल्या तालुक्यातल्या विडा गावी धुळवडीला जावयाला गाढवावरून मिरवतात, मग नवे कपडे आणि अंगठी देऊन मान करतात. अमोलरावांची सासुरवाडी सुदैवानं तसली नाही, त्यांचा नुसता मानच होत आलाय. प्रवासात मात्र जावईपण चालत नाही, आणि सूनपणही नाही. त्यांचे मोजे शोधणं हे तुझं काम नव्हे. तुझ्या भुकेची वेळ तू बोलून दाखव. "तुम्हाला चालेल ते" असं म्हणायचं आणि मग संध्याकाळी तोंड फुगवायचं, हे आपल्या घरातल्या बायकांचं जुनं शास्त्र, ते केजलाच ठेवून जा.

आम्ही एक नियम केला होता, तो तुम्हाला देते. एक दिवस त्याचा, एक दिवस तुझा. ज्याचा दिवस, त्यानं कुठं जायचं, कशानं जायचं, काय खायचं हे ठरवायचं, पैसेही त्यानंच द्यायचे. दुसऱ्यानं बरोबर जायचं आणि बिघडलं तर "मी म्हणत नव्हते का" हे वाक्य उच्चारायचं नाही. माझ्या दिवशी आम्ही बसनं गेलो आणि भलत्याच गावी उतरलो. काका एक शब्द बोलले नाहीत, त्यांना केवढं जड गेलं असेल! त्या भलत्या गावातच सगळ्यात छान ढोल पुरी मिळाली, पण नसती मिळाली तरी नियम नियमच.

एका दिवशी एकच मोठी गोष्ट बघा. शामारेलची रंगीत माती, ल मोर्नचा डोंगर, बेटं, बाजार, सगळं एका दिवसात कोंबणारे लोक गाडीत झोपलेले दिसतात. ल मोर्नला जाल तर माहीत असू द्या, मळ्यांतून पळालेले गुलाम त्या डोंगरात लपून राहत. नुसता फोटो काढून परतू नका. आणि अर्धा दिवस वेगवेगळे राहा. तू बाजारात जा, त्यांना झोपू दे. चोवीस तास एकमेकांची तोंडं बघायची सवय आपल्यात कुणालाच नसते, घरात माणसं असतात, काम असतं. तिथं मधेच भांडण होईल, कशावरूनही होईल. झालं तर लग्न चुकलं असं समजू नकोस. बहुतेक वेळा भूक लागलेली असते.

घरी रोज व्हिडिओ कॉल करायचा नाही. तुझ्या आईला मी सांगेन. दिवसाआड एक मेसेज पुरे. फोटोही परत आल्यावर टाका. घर बंद आहे हे सगळ्या अंबाजोगाईला कळवायची गरज नाही.

सगळ्यांना काही ना काही आणायच्या भानगडीत पडू नका. यादी केलीत तर शेवटचे दोन दिवस खरेदीतच जातील. बुआ शेरीचा व्हॅनिला घातलेला चहा मिळतो, तो एक पुडा आण, उघडून सगळ्यांना एकेक कप पाजू. तिथली तपकिरी साखर आणू नकोस. आम्ही आणली, तर काकांचे मित्र म्हणाले, केजला साखर आणायला समुद्रापार गेला होता काय?

तिथल्या सॉकेटला चौकोनी तीन पायांची इंग्रजी पिन लागते, कुठं कुठं गोल दोन पायांची. दोन्ही प्रकार माझ्याकडं आहेत. आमचे रबरी बूटही आहेत. येत्या रविवारी एसटीनं येऊन घेऊन जा, आणि येताना दोघंही या, कारण काकांचे बूट नऊ नंबरचे आहेत, अमोलरावांना बसतात का ते घालूनच बघावं लागेल. साडेबाराच्या आत या, म्हणजे जेवण गरम मिळेल.

तुझी,
मावशी